कडेच्या तुकड्याला नाव नाही

माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो. हे मी नाकारत नाही. परळच्या ज्या मराठी शाळेत मी तीस-पस्तीस वर्षं गणित शिकवलं, तिथल्या पोरी मला पाठीमागे ‘फोडणी’ म्हणायच्या. मला ते माहीत होतं आणि मी त्यांना ते कळू दिलं नाही. पण आज जो राग लिहायला बसले आहे तो तडतडून विझणारा नाही. तो माझ्या सातव्या वर्षापासून पोटात आहे, आणि ह्या नारळी पौर्णिमेपर्यंत तो तिथे आहे हे माझं मलाच माहीत नव्हतं. म्हणजे बघा, मुलींना आयुष्यभर ‘उदाहरण नीट वाचा, काय दिलंय ते आधी लिहा’ म्हणून ओरडणारी बाई, आणि स्वतःच्या घरचं उदाहरण साठीला आली तरी वाचलेलं नाही!

तर काय दिलंय ते आधी लिहिते. गिरगावातली एक चाळ, दुसरा मजला, पुढे सामाईक गॅलरी. त्यात एक खोली आणि तिच्याच पोटातलं स्वयंपाकघर. ह्या खोलीत मी जन्मले, इथेच राहिले, लग्न केलं नाही, आणि दोन वर्षांपूर्वी निवृत्त होऊन इथेच आईबरोबर राहते. आई चौऱ्याऐंशीची आहे. माझ्याहून पाच वर्षांनी मोठा असलेला दादा लग्न झाल्यावर वर्षभरात दादरला स्वतःच्या फ्लॅटमध्ये गेला. बाबा वारले त्याला बरीच वर्षं झाली. खोली पागडीची, आणि भाडेपावती अजूनही बाबांच्याच नावावर.

आता वड्या.

नारळी पौर्णिमेला आमच्याकडे ओल्या खोबऱ्याच्या वड्या होतात. नारळीभात बहुतेक घरांत असतो, आमच्याकडे वड्याही हव्यातच, कारण त्या बाबांना आवडायच्या आणि नंतर दादाला. आई विळीवर नारळ खवायची, कढईत साखर, दूध आणि खोबरं घालून कालथ्याने घोटत राहायची. मिश्रण कडेने सुटायला लागलं की तूप लावलेल्या पितळी थाळीत ओतायचं, वाटीच्या बुडाला तूप लावून थापायचं, आणि गरम आहे तोवर सुरीने रेघा मारायच्या. आधी सरळ उभ्या रेघा, मग त्यांना छेदणाऱ्या तिरक्या. वडी तिरकीच. मी एकदा विचारलं होतं, सरळ का नाही कापायची, तर म्हणाली, “सरळ कापली की ती बर्फी. वडी तिरकी असते.” विषय संपला.

पण थाळी गोल असते ना! मधे कितीही नेटक्या तिरक्या वड्या पडल्या तरी कडेला तुकडे उरतातच. एक बाजू गोल, दोन सरळ, कुठे टोक निघालेलं, कुठे नुसताच चुरा. कडा लवकर वाळतात, कडक होतात. मधल्या वड्या मऊ राहतात.

आणि वाटप ठरलेलं होतं. मधल्या वड्यांची पहिली बशी देवापुढे, तीच मग बाबांना आणि दादाला. दुसरा ढीग डब्यात, आल्यागेल्यासाठी आणि शेजारच्या ताटल्या भरायला. कडेचे तुकडे एका वाटीत. ती वाटी आईची आणि माझी. कुणी हे बोलून दाखवत नसे, लिहून ठेवलेलं नव्हतं, पण त्या वाटीत दादाने कधी हात घातला नाही आणि आम्ही त्या बशीत घातला नाही.

सात वर्षांची असताना एकदा घातला. बशीतली एक वडी उचलली. आईने माझ्या हाताला धरून ती परत ठेवायला लावली आणि म्हणाली, “अगं, आपल्याला कडा. कुरकुरीत असतात. मला तर कडाच आवडतात. तुला नाही आवडत?” तिचा चेहरा असा झाला होता की मी ‘नाही’ म्हटलं असतं तर तिला काहीतरी लागलं असतं. मी म्हटलं, “आवडतात.” बस्स. एवढं एक वाक्य बोलले आणि पन्नास वर्षं ते निस्तरते आहे. आई दर वर्षी पाहुण्यांना कौतुकाने सांगायची, आमच्या हिला कडाच आवडतात हो, मधली वडी हातात दिली तरी घेत नाही. दिली होती कोणी? पण मी मान डोलवायचे. पुढे पुढे तर मला खरंच वाटायला लागलं की मला कडा आवडतात!

शेजारच्या वाडीत एक आंटी राहायची, जुन्या मुंबईतल्या ख्रिस्ती घरातली, कित्येक पिढ्या इथलीच. आमचं मराठी आणि तिचं मराठी वेगळं, पण भांडायला आणि हसायला पुरेसं. नाताळात ती पण नारळाची मिठाई करायची आणि ती पण तिरकी कापायची. मी डबा परत द्यायला गेले की तिच्या ओट्याशी उभी राहून बघायचे. थाळी कापून झाली की आंटी सुरीच्या टोकाने बरोबर मधली वडी उचलायची आणि पहिली स्वतःच्या तोंडात टाकायची. मी बघत राहिले की म्हणायची, “केली कोनी? मी. मग पयली खानार कोन?” आणि दुसरी मला. मी घरी येऊन हे आईला सांगितलं तर आई हबकली. “देवाच्या आधी? नवऱ्याच्या आधी? आपल्यात नाही हो असलं.” आपल्यात नाही, हे आईचं शेवटचं उत्तर असायचं. त्यापुढे प्रश्न चालत नसे.

हे सगळं मी विसरून गेले होते. मग शाळेत सेमी-इंग्रजीचं खूळ आलं. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून. वीसेक वर्षं मराठीत शिकवलेलं सगळं एका उन्हाळ्याच्या सुट्टीत उलटंपालटं. समभुज चौकोनाचा रॉम्बस झाला, समलंबाचा ट्रॅपेझियम. मला इंग्रजीचा राग नाही, पण ज्या शब्दातून काहीच दिसत नाही तो शब्द मुलींच्या गळी का उतरवायचा ह्याचा येतो. समभुज म्हटलं की बाजू समान, हे तिसरीतल्या पोरीलाही कळतं. रॉम्बस म्हटल्यावर काय कळतं? वर्गात मी आपली फळ्यावर आकृती काढली आणि म्हटलं, “रॉम्बस म्हणजे आपल्या खोबऱ्याच्या वडीचा आकार. शंकरपाळ्याचा आकार. झालं?”

झालं कसलं! आठवीच्या त्या वर्गात लालबागची एक मुलगी होती, शेवटून दुसऱ्या बाकावरची. दुसऱ्या दिवशी तिने डब्यातून वडी आणली, कंपासमधली पट्टी काढली आणि सगळ्या वर्गासमोर वडीच्या बाजू मोजल्या. “बाई, ही रॉम्बस नाहीये. ही बाजू मोठीये, ही लहानये.” वर्ग खिदळायला लागला. मी आधी तिला खाली बसवलं, कारण फोडणी. मग वडी हातात घेऊन बघितली. पोरगी बरोबर होती. आपण घरी रेघा मारतो त्या काय पट्टीने मारतो? उभ्या रेघा दूर दूर, तिरक्या जवळ जवळ. समोरासमोरच्या बाजू समान, शेजारशेजारच्या नाहीत. दिसायला रॉम्बस, पण रॉम्बस नव्हे. समांतरभुज म्हणावं तर आयतही त्यातच आला, मग नेमकं अशाच तिरक्या चौकोनाला वेगळं नाव काय? शिक्षकांच्या खोलीत विचारलं तर एकीलाही सांगता येईना. एक म्हणाल्या, “परीक्षेला येत नाही ना? मग सोडा.” असं कोणी बोललं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते.

संध्याकाळी दादरच्या ग्रंथालयात गेले आणि जाडजूड इंग्रजी कोश काढून बसले. शब्द सापडला: रॉम्बॉइड. तिरका चौकोन, ज्याच्या समोरच्या बाजू सारख्या, पण शेजारच्या नाहीत, आणि कोनही काटकोन नाहीत. मूळ ग्रीक. शेवटचं ‘ऑइड’ म्हणजे ‘तसा दिसणारा’. आणि रॉम्बस म्हणजे? तर ग्रीक लोकांचं एक फिरवायचं साधन. लाकडाची चपटी पट्टी, तिला दोरी बांधायची आणि डोक्याभोवती गरगर फिरवायची, मग ती घूं घूं वाजते. त्यांच्या पूजाविधीत ती वाजवत. मुळात तो शब्द गरगर फिरण्याचा. त्या पट्टीचा आकार दोन्ही टोकांना निमुळता असायचा, म्हणून तसल्या चौकोनाला तेच नाव पडलं असावं. चाळत चाळत ट्रॅपेझियमवर गेले. तो तर चक्क टेबलावरून आलेला. चार पायांचं छोटं टेबल, ज्याच्यावर जेवायला वाढतात.

मला हसायला आलं आणि लगेच रागही आला. म्हणजे त्या लोकांनी आपल्या घरातल्या वस्तू बघितल्या, त्यांची नावं आकारांना दिली, आणि आमच्या पोरी दोन हजार कोसांवरच्या कुणाची तरी फिरकी आणि कुणाचं तरी जेवणाचं टेबल पाठ करतायत. आणि मी आपल्या घरातली वडी दाखवली तर ती चुकीची! दुसऱ्या दिवशी वर्गात जाऊन मी कबूल केलं. त्या मुलीला उभं केलं आणि म्हटलं, “हिचं बरोबर होतं, माझं चुकलं. वडी रॉम्बॉइड आहे.” मग ग्रीकांची ती घूं घूं करणारी पट्टी समजावून सांगितली. वर्गाला ती फार आवडली. त्या लालबागच्या पोरीने मात्र हात वर केला. म्हणाली, “बाई, आणि कडेचा तुकडा? त्याला काय म्हणतात?”

मी फळ्याकडे वळले आणि थाळी काढली. गोल. आत तिरक्या रेघा. कडेला उरलेले तुकडे. एक बाजू कमानीसारखी, बाकीच्या सरळ. हा त्रिकोण नाही, चौकोन नाही, वर्तुळाचा पाकळीसारखा तुकडाही नाही. मराठीत नाव नाही, इंग्रजीत नाही, ग्रीकांनीही ह्याला काही म्हटलं असेल असं वाटत नाही. आहेत सगळे वेगवेगळ्या आकाराचे, नाव द्यायचं कशाला? “ह्याला नाव नाही,” मी म्हटलं. “ह्याला उरलेलं म्हणतात.” मुली हसल्या. मी नाही हसले. खडू हातातच राहिला आणि तास संपला. त्या वेळेला मला वाटलं होतं की मला भूमितीचा राग आलाय.

आता ह्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेवर येते.

आमची चाळ पाडून नवी इमारत बांधायचं एकदाचं ठरलं. बिल्डरची माणसं गॅलरीतून फिरायला लागली, प्रत्येक खोलीच्या कागदांची चौकशी सुरू झाली. ज्याच्या नावावर पावती त्याच्याशी करार, आणि नव्या इमारतीत त्याच्या नावावर जागा. बाबांच्या नावावरची पावती आता कुणाच्या तरी नावावर करायची होती. मी दादाला फोन केला तेव्हा तो म्हणाला, “मी बघतो सगळं, तू टेन्शन घेऊ नकोस.” मी टेन्शन घेतलं नाही. किती मूर्ख! बाबांचं शेवटचं आजारपण मी काढलं. आईच्या गुडघ्यांचं ऑपरेशन मी केलं, म्हणजे करवून घेतलं. गळक्या मोरीपासून मीटरच्या वायरीपर्यंत ह्या खोलीतली प्रत्येक गोष्ट मी दुरुस्त केली. आणि खोलीचे कागद बघायला मी दादाला सांगितलं, कारण कागद पुरुषांनी बघायचे असतात, आपल्यात तसंच असतं.

वड्या आता मी करते. आईच्याने घोटवत नाही. पण कापायचं काम ती सोडत नाही. खुर्चीत बसते, पुढ्यात स्टूल, स्टुलावर थाळी, आणि थरथरत्या हाताने सुरी उचलते. रेघा मारायला लागली की हात थरथरत नाही, ही एक गंमत आहे. त्या दिवशीही तिने तशाच मारल्या. मधल्या वड्या बशीत काढल्या, दादाच्या घरी न्यायचा स्टीलचा डबा भरला, आणि कडेचे तुकडे वाटीत ठेवले. मी ती वाटी उचलून आपली नेहमीच्या जागी, मिक्सरच्या मागे ठेवली. हाताला सवय. हे मी नंतर आठवून आठवून स्वतःवर चिडले.

दादा आला. राखी बांधली, ओवाळलं. त्याने तीन वड्या खाल्ल्या. म्हणाला, “वा! आईच्या हातची चव.” घोटल्या मी. पण असो. मग त्याने पिशवीतून प्लास्टिकचं फोल्डर काढलं.

“एक छोटीशी सही हवीय,” तो म्हणाला. “आईची आणि तुझी. पावती माझ्या नावावर करायला तुमची दोघींची हरकत नाही, एवढंच.”

मी कागद हातात घेऊन वाचला. पावती फक्त त्याच्या नावावर. मी आणि आईने आमचा सगळा हक्क राजीखुशीने सोडला आहे, पुढे कधी काही मागणार नाही. खाली सहीसाठी दोन जागा, आणि माझं नाव टाइप केलेलं, तेही चुकीचं, मधलं अक्षरच चुकलेलं. सख्ख्या भावाने बहिणीचं नाव एकदा वाचून बघू नये?

“आणि मी राहायचं कुठे?” मी विचारलं.

“अगं, राहायचं कुठे म्हणजे? नवीन फ्लॅट होईपर्यंत आमच्याकडे. मग तिथे. माझा म्हणजे तुझा नाही का?”

“मग नाव माझंपण घाल.”

“दोन नावं असली की बिल्डर किचकट करतो. आणि तुझ्या पुढेमागे आहे कोण? तू एकटी. तुला पेन्शन आहे. मला मुलं आहेत, त्यांचं बघावं लागतं.”

तुझ्या पुढेमागे आहे कोण! गोड बोलून गळा कापतात तो असा. मी त्याला काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. बरंचसं लिहिण्यासारखं नाही. गॅलरीतल्या दोन दारांतून माणसं बाहेर येऊन उभी राहिली एवढं सांगते. मी म्हटलं, “बाबांचे डायपर बदलायला कोण होतं? तेव्हा नाव किचकट नाही झालं? तू दादरहून दर रविवारी येऊन विचारायचास, काय म्हणतायत बाबा, आणि चहा पिऊन जायचास!” तो म्हणाला, “तू नेहमी असं करतेस, सणाच्या दिवशी तमाशा.” मी म्हटलं, “सणाच्या दिवशी कागद कोणी आणला? ओवाळणीच्या पाकिटाबरोबर?” तो म्हणाला, “आवाज खाली.” माझा आवाज पस्तीस वर्षं साठ मुलींच्या वर्गाच्या मागच्या भिंतीपर्यंत पोचलेला आहे. तो खाली येत नाही.

आणि मग आई बोलली.

खुर्चीत बसून होती. पुढ्यात रिकामी थाळी, कडेला चिकटलेलं खोबरं. शांतपणे म्हणाली, “कर गं सही. तुला कशाला लागतंय नाव? तू कधी असलं मागितलंस का? लहानपणापासून तुला मधली वडी नकोच असायची. तुला कडाच आवडतात.”

दादाने पेनचं टोपण काढलं.

मला वाटलं होतं आपण आता रडणार. रडले नाही. मला इतका राग आला की कान बधिर झाले. दादाचा नव्हे, दादाचा राग त्यापुढे काहीच नव्हता. आईचा. तिने हे टोमणा म्हणून म्हटलं असतं तर चाललं असतं, पण ती खरंच तसं मानत होती. सात वर्षांच्या पोरीने तिला बरं वाटावं म्हणून टाकलेलं एक खोटं वाक्य तिने पन्नास वर्षं सांभाळून ठेवलं होतं, आणि आता त्याच वाक्यावर माझं घर काढून देत होती. आणि माझा स्वतःचा राग. कारण त्या वाक्याला मी कधीच ‘नाही’ म्हटलं नव्हतं. कमावती झाले तेव्हा नाही, मुख्याध्यापकांना सडेतोड बोलायचे तेव्हा नाही. त्या सकाळीसुद्धा वाटी मिक्सरच्या मागे मीच ठेवली होती.

मी दादाच्या पुढ्यातली बशी उचलली. मधली वडी घेतली, चांगली जाड, चारी टोकं शाबूत असलेली, आणि तोंडात घातली. सगळी एकदम.

“हा काय पोरकटपणा?” दादा म्हणाला.

मला बोलता येईना. तोंड भरलेलं. मी चावत होते आणि त्याच्याकडे बघत होते. गिळून झाल्यावर म्हटलं, “मला कडा आवडत नाहीत. कधीच आवडल्या नाहीत. मी खोटं बोलत होते. आई, ऐकतेस ना? मला कधीच आवडल्या नाहीत!” आणि दुसरी घेतली.

आता आई भडकणार, हे मी धरून चालले होते. आपल्यात नाही असलं, म्हणणार. पण ती माझ्या तोंडाकडे बघत होती. लहान मूल दुसऱ्याच्या खाऊकडे बघतं तसं. मग जरा पुढे वाकून, दादाला ऐकू जाऊ नये अशा आवाजात म्हणाली, “कशी लागते गं?”

“काय?”

“मधली.”

मला कळेना ती काय विचारते आहे. “अगं, तू कापतेस ना दर वर्षी? साठ वर्षं कापतेयस! तू कधी खाल्ली नाहीस?”

“उरलीच नाही कधी,” आई म्हणाली.

साधंच वाक्य, तक्रार म्हणून नव्हे. भाजी संपली असं सांगावं तसं. मी बशी तिच्या पुढ्यात धरली. तिने आधी दादाकडे बघितलं, मग देवाच्या फळीकडे, आणि मग एक वडी उचलली. कवळीने हळूहळू खाल्ली. बराच वेळ लागला. दादाच्या हातात पेन तसंच. खाऊन झाल्यावर ती म्हणाली, “मऊ असते की.” आणि मग तिचा चेहरा हळूहळू असा काही लाल व्हायला लागला की मला भीतीच वाटली. माझ्या आईला रागावलेली मी त्याआधी पाहिलेली नव्हती. चिडलेली, करवादलेली पाहिली होती, रागावलेली नाही. फोडणी मला कुठून मिळाली ते मला त्या दिवशी समजलं.

दादाने कागद तिच्या मांडीवर ठेवला. सवयीने पेनही पुढे केलं. “आई, इथे.”

तिने पेन घेतलं नाही. दोन्ही हात वर करून त्याला बोटं दाखवली. तुपाने, साखरेने माखलेली.

“हात चिकट आहेत रे माझे,” ती म्हणाली. “कागद खराब होईल. तू असं कर, हिचं नाव माझ्या बरोबरीने लिहून आण. नीट लिही, अक्षर चुकवू नकोस. मग धुते मी हात.”

दादाने पेनला टोपण लावलं. मग फोल्डर पिशवीत घातलं आणि गेला. गॅलरीतल्या माणसांनी त्याला वाट दिली. वड्यांचा स्टीलचा डबा न्यायला तो विसरला.

पावतीचं अजून भिजत घोंगडं आहे. मी आता स्वतः कागद बघते, सरकारी ऑफिसात स्वतः जाते, आणि तिथल्या माणसांना माझा आवाज पाठ झालाय. दादाशी बोलणं नाही. माझा राग गेलेला नाही, आईवरचाही पूर्ण गेलेला नाही, आणि जावा अशी माझी घाई पण नाही.

त्या संध्याकाळी आईने डबा उघडून मांडीवर घेतला होता. मी मिक्सरमागची वाटी काढून तिच्यापुढे ठेवली, तर तिने ती हाताने बाजूला सारली.

“त्या राहू देत,” ती म्हणाली. “आता मधल्या संपव.”